पत्त्यांचा ऑनलाइन गेम सुचलाय? आधी या चुका टाळा

एका जुलैमध्ये बेळगावजवळच्या खानापूरला मामाकडं गेलेलो, दोन दिवस लाईट नाही, सगळ्यांचे मोबाईल मेलेले आणि सकाळपासनं मेंढीकोट चालू, म्हणजे दोन जोड्यांनी दश्श्या (त्याच मेंढ्या) पकडायचा पत्त्यांचा खेळ. तिसऱ्या का चौथ्या डावाला मावसभाऊ म्हणाला, "हे मोबाईलवर करू की रे, पुण्यातला दादा पण बसंल खेळायला." झालं, तिथनं पुढं दीड वर्ष आम्ही जे काय केलं त्यातलं निम्मं फुकट गेलं. ते का गेलं ते लिहितोय, कारण आमच्याकडची इंजिनियरिंगची पोरं अधूनमधून विचारतात की दादा कार्डगेम करायचाय, युनिटी शिकू का गोडो (दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअरं). बाबांनो, हा प्रश्न सहा महिन्यांनी विचारा. अजून तुमच्याकडं गेमच नाहीय.

चित्रं आधी, मोजणी नंतर

घरी परत येईपर्यंत आम्हाला मेंढीकोट साधा वाटायला लागलेला, मेंढीकोट काय सगळेच करतात, आपण दशावतारी गंजिफा करू, ते सावंतवाडीचे विष्णूच्या दहा अवतारांचे गोल पत्ते. सावंतवाडी म्हणजे आम्हाला आंबोली घाट उतरला की आलीच. तीन आठवडे नुसती मत्स्य-कूर्म-वराहाची चित्रं काढली. मग कधीतरी डोक्यात आलं की दहा अवतार, प्रत्येकाचे १२ पत्ते, म्हणजे १२० पत्ते, आणि खेळतात तिघं, म्हणजे एकाच्या हातात ४०! चाळीस गोल पत्ते मोबाईलच्या स्क्रीनवर लावून बघा, बांगड्यांचं दुकान दिसतं. त्यात अर्ध्या अवतारांमध्ये आकड्यांचा क्रम उलटा चालतो, आणि दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडं त्यानं उतरायचं (पहिलं पान टाकायचं), रात्री असेल तर कृष्णाचा. एक भिडू इथं आणि एक दुबईत असला तर रात्र कुणाची धरायची? (हा नियम मला अजून पण लय आवडतो, पण आवडणं वेगळं.) हातात किती पत्ते आणि स्क्रीनवर किती मावतात हा हिशोब पाच मिनिटांचा होता, तो आम्ही तीन आठवड्यांनी केला.

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गेम डिझायनरचं उदाहरण इथं घ्यायला पाहिजे. तो आधी वेगळाच बोर्डगेम घेऊन कंपनीकडं गेलेला, तर त्यांनी सांगितलं की आम्हाला खिशात मावणारं, पटकन संपणारं, गेमिंगच्या मेळाव्यात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असं काहीतरी पाहिजे. त्यातनं १९९३ ला मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम आला. म्हणजे त्याला कुठं खेळणार आणि किती वेळ हे आधी कळलेलं, पत्ते नंतर. आमचा माणूस खेळणार कुठं? बेळगाव-लोंढा रेल्वेत, जिथं जंगल लागलं की रेंज जाते.

सगळ्यांना एका चटईवर बसवून टेस्ट करणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. कागदावर टेस्ट करा असं सगळेच सांगतात, आणि आम्ही पण केलं, मेंढीकोटवर परत येऊन जुना कॅट घेतला, गोल करून बसलो, धमाल आली, म्हटलं गेम भारी आहे. पण ती धमाल पत्त्यांची नव्हतीच. काका दश्शी हातात आली की घसा खाकरतात, आणि त्यांचा जोडीदार ते ओळखतो, आणि समोरचे दोघं पण ओळखतात, आणि काकांना ते पण माहिती असल्यामुळं मधेच खोटं खाकरतात. यातलं मोबाईलवर काय येणार?

मग दिवाळीत परत खानापूरला गेलो तेव्हा घरातल्या चौघांना चार ठिकाणी बसवलं. एक माजघरात, एक पडवीत, एक माडीवर, एक मागच्या अंगणात. आत्याला म्हटलं तू सर्व्हर, म्हणजे सगळे फोन ज्याला जोडलेले असतात तो मधला कॉम्प्युटर. सगळे पत्ते तिच्याकडं, तिनं वाटायचे, कोण काय खेळलं ते चिठ्ठीवर लिहून चौघांकडं न्यायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. दोन हात झाल्यावर आत्यानं माडीवर चढायचा नाद सोडला आणि दोरीला पिशवी बांधून चिठ्ठी वर पाठवायला लागली, पण त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

एक, काका चहा प्यायला उठले आणि तिघं गप्प बसून राहिले. समोर बसलेला माणूस उठला तर आपण त्याला शिव्या घालतो, त्यात पण मजा असते, पण दिसत नसला की नुसता राग येतो. मग हिशोब मांडला, ५२ पत्ते म्हणजे ५२ चाली, प्रत्येकाला ३० सेकंद दिले आणि सगळ्यांनी पूर्ण घेतले तर एक डाव २६ मिनिटं, १५ दिले तर १३. आम्ही १५ वर आलो.

दोन, उतारीच्या, म्हणजे पहिलं पान पडलं त्या रंगाचं एकच पान हातात असलं तर विचार काय करायचा, आत्या म्हणाली मीच टाकते की तुझ्या वतीनं. कोडमध्ये तेच केलं, ऑटोप्ले, वेळ वाचला म्हणून खूश. आठवड्यानं लक्षात आलं की पान फटकन पडलं की बाकी तिघांना कळतं ह्याच्याकडं त्या रंगाचं दुसरं पानच नव्हतं! आता ऑटोप्लेला पण दोन-तीन सेकंदांची खोटी वाट बघायला लावलीय, म्हणजे काकांचं खोटं खाकरणं शेवटी असं गेममध्ये आलं.

तीन, आत्याला चौघांचे पण पत्ते माहिती होते पण ती प्रत्येकाला त्याचंच सांगत होती. आम्ही मात्र पहिल्या व्हर्जनमध्ये ५२ च्या ५२ पत्ते चारही फोनवर पाठवले आणि स्क्रीनवर फक्त लपवले. डिप्लोमाच्या एका पोरानं दहा मिनिटांत डेटा उघडून मलाच सांगितलं, "दादा, किलवरचा एक्का तुमच्याकडं हाय." जो पत्ता बघायचा हक्क नाही तो फोनपर्यंत पोचताच कामा नये. सर्व्हरनं आत्यासारखं वागायचं, बास.

पिसणं पण तिच्याकडंच. इथं नवीन पोरं हमखास फसतात, प्रत्येक पत्ता कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल करायचा, असं लिहितात. तीन पत्त्यांवर करून बघा, २७ प्रकारे अदलाबदल होते आणि पत्त्यांचे क्रम सहाच, २७ ला सहानं भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. फिशर-येट्स ही पद्धत वापरा, ज्यात पिसून झालेल्या पत्त्याला परत हात लावत नाहीत. आणि रँडम आकडे काढायची सुरुवात घड्याळातल्या वेळेवरनं करू नका. १९९९ ला एका ऑनलाइन पोकर सॉफ्टवेअरची हीच चूक बाहेर आली, दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, त्यामुळं पत्त्यांचे अब्जावधींच्या कितीतरी पट क्रम शक्य असून पण तेवढेच डाव शिल्लक राहिले आणि संशोधकांनी समोरच्याचे पत्ते ओळखून दाखवले.

नियम सगळ्यांना माहिती आहेत असं धरणं

नाहीत. खानापूरच्या आमच्या घरात ज्याच्याकडं उतारीचा रंग नाही त्यानं टाकलेला रंग हुकूम होतो, निपाणीचे पाहुणे बंद हुकूम खेळतात, पत्ता उपडा ठेवून. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर सात हात ज्याचे तो जिंकला हे दोघांना मान्य, पण १३ च्या १३ हात घेतले की किती कोट, यावर जेवण थंड झालेलं मी बघितलंय. आम्ही आधी सगळेच नियम सेटिंगमध्ये दिले, अकरा बटणं! कुणी हात लावला नाही. आता दोनच टेबलं, उघडा हुकूम आणि बंद हुकूम.

खेळायला माणसं येतील असं धरणं

समजा रोज ६० जण येतात आणि प्रत्येकजण २० मिनिटं खेळतो. ऐकायला बरं वाटतं. पण ती १२०० मिनिटं झाली आणि दिवसात मिनिटं १४४०, म्हणजे सरासरी कुठल्याही क्षणी एक माणूस पण पूर्ण नाही, आणि आपल्याला पाहिजेत चार. आम्ही हे लाँच झाल्यावर मोजलं. मग बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे कॉम्प्युटरचे भिडू टाकले, रेंज गेलेल्याच्या जागी पण तेच बसतात आणि तो परत आला की पत्ते त्याच्या ताब्यात देतात. आणि रात्री साडेनऊ ही वेळ ठरवली, जेवणं झाल्यावर, त्या वेळेला टेबल भरतं.

पैसे लावायचं डोक्यात असेल तर तिथंच थांबा. "रमी कौशल्याचा खेळ, सुप्रीम कोर्टानं १९६७ लाच सांगितलंय" हे वाक्य मला आठवड्याला एकदा ऐकायला मिळतं. कर्नाटकानं २०२१ ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं ती रद्द केली, हे सगळं खरं, पण ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यात कौशल्य का नशीब हा फरकच ठेवलेला नाही, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम म्हटला की बंद.

शेवटचं जरा बारीक आहे. गेमनं "तू जिंकलीस" म्हटलं तर माझी आत्या हसते, कारण आमच्या भागात बायका पण "मी आलो, मी जिंकलो" असंच म्हणतात. "तू जिंकलास" लिहिलं तर पुण्यातली वहिनी म्हणते मला मुलगा समजतो काय. दोन दिवस वाद घालून आम्ही "डाव तुमचा!" लिहिलं. दोघी गप्प.