जुनी पर्ल चालती ठेवायचीय? या चुका टाळा

पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा १९८७ची, तिची पाचवी आवृत्ती १९९४ची. पण वयामुळे भाषा मागे पडत नाही. इंदुरातल्या कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं पोर जुना कोड उघडतं, पहिल्याच तासात तीनदा आपटतं आणि पायथॉनकडे वळतं. खरी गळती तिथे आहे.

पहिली आपट सुडोची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवण्याची. सुडो लावून मॉड्यूलं (तयार कोडचे संच) थेट सिस्टिमच्या पर्लमध्ये घालू नका. उबुंटूचं डेबकॉन्फ, म्हणजे पॅकेजं बसवताना सेटिंग्ज विचारणारं साधन, त्याच पर्लवर चालतं, तिथे गोंधळ झाला की पॅकेजंही नीट बसत नाहीत. जीसीसी आणि मेक (कोड बांधायची साधनं) आहेत ना ते बघा, पर्लब्रू या साधनाने होम फोल्डरात वेगळी पर्ल बांधा, लागणारी मॉड्यूलं सीपॅनफाइल या यादीत लिहा आणि कार्टन या साधनाने बसवा. कार्टन बनवतं ती स्नॅपशॉट फाइल (कोणत्या मॉड्यूलची कोणती आवृत्ती याची नोंद) गिटमध्ये टाकायची राहून जाते, मग तोच कोड एकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे अडतो.

आवृत्ती वर नेल्यावर दोन गोष्टी हमखास मोडतात. ५.१८पासून हॅशमधल्या (नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यातल्या) कीजचा क्रम दर रनला बदलू शकतो, त्यामुळे एखादी टेस्ट आज पास, उद्या फेल. कीजना सॉर्ट लावा. ५.२६पासून पर्ल चालू फोल्डरात मॉड्यूल शोधत नाही. ‘कान्ट लोकेट’ दिसलं की फाइंडबिन हे मॉड्यूल वापरून लिब फोल्डरचा रस्ता द्या.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती देवनागरी. समजा सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्याच्या बिलात ‘इंदूर’ छापायचंय. लेंग्थ विचारली की उत्तर १५, कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. वर ‘यूज यूटीएफएट’ लिहिलं की ५: इ, अनुस्वार, द, ऊकार, र. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरं दिसतात; ती मोजायला रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या नमुन्यात) बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स. इथे बरेच जण फसतात, कारण ती ओळ फक्त कोडच्या फाइलपुरती असते. डेटा फाइल उघडताना एन्कोडिंग वेगळं सांगावं लागतं आणि आउटपुटला बिनमोड (एन्कोडिंग ठरवणारं फंक्शन) लागतो, नाहीतर ‘वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट’ ही वॉर्निंग येते. रकाने आखून छापणारा प्रिंटएफ रुंदी मोजताना मात्राही धरतो, म्हणून रकाने सरकतात. अक्षरं मोजून जागा स्वतः भरा. तरी फाँटप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतंच. नवख्याला ‘हॅलो वर्ल्ड’पेक्षा हे उदाहरण द्या, त्याला आपल्या कामाचं वाटेल.

आता माणसांकडे वळू. ‘मोठी नवी आवृत्ती येऊ दे, मग बघू’ म्हणत थांबू नका. पर्ल ६ २००० साली जाहीर झाली, वेगळीच भाषा होऊन बसली आणि २०१९ला तिचं नाव राकू झालं. २०२०ला जाहीर झालेली पर्ल ७ बाजूला ठेवली गेली. दरम्यान कामाच्या गोष्टी गुपचूप येत गेल्या: ‘यूज व्ही५.३६’ या एका ओळीत स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज आणि फंक्शनच्या सिग्नेचर मिळतात, ५.४०मध्ये ट्राय-कॅच (चूक पकडायची सोय) प्रायोगिक राहिलं नाही. शिकवायला बसलात तर इथून सुरुवात करा, जुन्या पुस्तकांत हे नाही.

आपलं मॉड्यूल सीपॅनवर, म्हणजे पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक भांडारावर, असेल तर हाताशी वेळ आहे तोवरच दुसऱ्याला सहमेन्टेनरचा हक्क देऊन ठेवा. नंतर मालक शोधत फिरायला कोणालाच वेळ नसतो.

पर्लवाल्यांच्या महिन्याच्या भेटीत भाषणांचा मारा नको. सहा जण, दोन तास: वीस मिनिटं एखादा विषय, बाकी वेळ एक फेल होणारी टेस्ट सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. एका ओळीत आख्खा प्रोग्राम कोंबायची गंमत जुन्यांनी आपसात करावी. नवख्यासमोर केली की ‘ही भाषा वाचताच येत नाही’ हा समज पक्का होतो. बोलताना मराठी-हिंदी मिसळली तर मिसळू द्या, इंदुरात ती मिसळतेच. एररचा मजकूर मात्र भाषांतर न करता इंग्रजीत जसाच्या तसा फळ्यावर लिहा, म्हणजे घरी जाऊन तो शोधता येईल.