अन्न सोडलेल्या मांजराला डायझेपाम देताना घ्यायची काळजी

मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याला दाखवण्यात दिरंगाई करू नये. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिले की अंगातील चरबी यकृतात साठू लागते आणि काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. अशा वेळी भूक चाळवण्यासाठी काही पशुवैद्य डायझेपामचे इंजेक्शन देतात. बेन्झोडायझेपिन गटातील हे औषध मेंदूतील गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते. त्यामुळे गुंगी येते, पण त्याचबरोबर अन्न अधिक रुचकर लागून खाण्याची वासनाही वाढते. पोट भरलेले उंदीरसुद्धा या गटातील औषधांनंतर पुन्हा खाऊ लागतात, असे प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

शिरेतून दिलेल्या इंजेक्शनचा हा परिणाम बहुधा मिनिटभरातच सुरू होतो आणि थोड्याच वेळात ओसरतो, म्हणून सगळी तयारी सुई टोचण्याआधी झालेली असावी. मांजराच्या आवडीचे, उग्र वासाचे, ओलसर अन्न अंगाच्या उष्णतेइतके कोमट करून उथळ ताटलीत घ्यावे आणि कुत्री व अनोळखी माणसे नसलेल्या शांत खोलीत ताटली मांजराच्या अगदी तोंडापुढे ठेवावी. औषध चढताच मांजराचा तोल जातो, मागचे पाय फाकतात, तरीही ते मान खाली घालून अधाशासारखे खाऊ लागते. त्याला टेबलावर न ठेवता जमिनीवर बसवावे आणि छातीखाली हलका हात द्यावा. मान टाकण्याइतकी गुंगी आलेली असेल, तर अन्न लगेच दूर करावे, कारण घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सिरिंजने बळेच भरवणे तर अशा वेळी कटाक्षाने टाळावे. एखादे मांजर उलट बिथरते किंवा चावते. तेव्हा त्याला न डिवचता एकटे सोडावे.

खाल्लेले अन्न वजन करून लिहून ठेवावे. चार किलोच्या मांजराला नुसत्या विश्रांतीतही दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात आणि चार घास पाहून वाटणारा दिलासा बहुतेकदा फसवा असतो.

सर्वांत मोठी खबरदारी गोळ्यांबाबत आहे. तोंडावाटे डायझेपाम दिलेल्या ११ मांजरांचे यकृत अचानक निकामी झाल्याचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून भुकेसाठी मांजराला या गोळ्या देणे धोक्याचे मानले जाते. घरात माणसासाठी आणलेली गोळी अर्धी करूनही देऊ नये. ती आधीच दिली गेली असेल आणि पुढील दोन आठवड्यांत सुस्ती, उलट्या किंवा हिरड्यांवर व कानांच्या आतील बाजूस पिवळेपणा दिसला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. यकृताचा विकार आधीपासून असल्यास इंजेक्शनापूर्वीच तसे सांगावे.

माझ्या मते हे इंजेक्शन एखाद्या वेळेपुरतेच ठीक आहे; दुखरा दात, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड यांवरचे उपचार त्यासाठी लांबवू नयेत. रोज भूक वाढवायची असल्यास मर्टाझापिनविषयी पशुवैद्याला विचारावे. कानाच्या आतील बाजूस लावायचे त्याचे मलम वजन घटलेल्या मांजरांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. एवढे करूनही गरजेपुरते अन्न पोटात जात नसेल, तर अन्ननलिकेत नळी बसवून घेण्यास कचरू नये, कारण नळीतून अन्न, पाणी आणि औषधे ही तिन्ही घरच्या घरी ठरलेल्या मापाने देता येतात.