दम्याची वंशावळ कशी काढावी

मिरजेत छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत पेशंटची हिस्टरी लिहून घेणं हे माझं काम. "घरात कुणाला दमा?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "छे हो, आमच्यात कुणालाच नाही." जरा वेळानं कळतं की आत्याला लहानपणी बाळदमा होता, "पण तो गेला की." म्हणून म्हणते, वंशावळ घरीच काढून आणा. ओपीडीच्या गर्दीत आत्या आठवत नाही.

कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. पेन नको, खाडाखोड होतेच. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली मुलं. तीन पिढ्या पुरेत: दाखवायला आणलेलं पोर आणि त्याची भावंडं, वर आई-बाप, काका, आत्या, मामा, मावशी, त्यावर चारही आजी-आजोबा. आईकडची बाजू बहुतेक जण रिकामी आणतात, किंवा उलट, सासूबाई सगळा दमा तिकडंच दाखवून आणतात. दोन्ही चालत नाही.

दमा असेल तर त्या माणसाची खूण, म्हणजे चौकोन किंवा गोल, पूर्ण काळी करा. नुसतं इसब असेल, किंवा सकाळी उठल्यावर शिंकांवर शिंका येत असतील, तर अर्धी. ही अर्धी खूण कामाची असते. त्वचेचा बांध घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात बिघाड असला की तान्हेपणी इसब होण्याची शक्यता वाढते आणि अशा इसबवाल्या मुलांना पुढं दम्याचाही धोका जास्त, हे 2006 साली दिसून आलं. म्हणजे आजीचं इसब आणि नातवाची घरघर एकाच कागदावर यायला हवी.

आता विचारायचं कसं. 'दमा' हा शब्द तोंडातून काढू नका. मुलींची लग्नं मोडतील या भीतीनं घराघरांत हा शब्द दाबलेला असतो. त्याऐवजी हे विचारा: पंप कोण ओढायचं? डेरिफायलिनची गोळी कुणाच्या पिशवीत असायची? सर्दी कुणाच्या छातीत उतरायची? कोजागरीला खिरीतून औषध घ्यायला कोण जायचं? मृगाला हैदराबादला माशाचं औषध गिळायला कुणी गेलं होतं का? (ती औषधं घ्या असं मी म्हणत नाही, पण ती घेणारा माणूस सहसा उगाच जात नाही.) या प्रश्नांना म्हाताऱ्या बायका भराभर नावं सांगतात.

प्रत्येक काळ्या खुणेशेजारी त्रास कितव्या वर्षी सुरू झाला ते लिहा, अंदाजे चालेल. 2007 साली सतराव्या गुणसूत्रावर ओआरएमडीएल3 या जनुकाच्या आसपास एक जागा सापडली, तिचा संबंध लहानपणीच्या दम्याशी होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या कुटुंबांच्या अभ्यासात दिसलं, की त्या जागेचा धोका लवकर सुरू होणाऱ्या दम्यातच आहे, आणि तान्हेपणी घरात तंबाखूचा धूर असेल तर तो आणखी वाढतो. आयुष्यभर विड्या ओढून पंचावन्नाव्या वर्षी धापायला लागलेले आजोबा, चुलीपुढं जन्म गेलेली आजी, यांना काळं करू नका. प्रश्नचिन्ह घाला. तो बहुधा वेगळा आजार असतो आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

कागद भरला की लगेच भविष्य वाचायला बसू नका. दम्याचा एकच एक जनुक नाही. आतापर्यंत शंभराच्या वर जागा सापडल्यात आणि प्रत्येकीचं वजन थोडंथोडंच. त्यामुळं बापाला आहे म्हणून पोराला होणारच असं नाही, आणि कागद कोरा म्हणून सुटलो असंही नाही. हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो, असं घडतं. भोवतालाचाही वाटा असतो. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचं मूळ युरोपातलं, रक्त बरंचसं सारखं. अमिश घोड्यांवर शेती करतात, पोरं गोठ्यात वाढतात. हटराइटांची शेती यंत्रांची. 2016 च्या अभ्यासात शाळकरी मुलांमधलं दम्याचं प्रमाण अमिशांत सुमारे 5 टक्के, तर हटराइटांत 21 टक्के दिलं होतं. हे वाचून दमेकरी पोराला गोठ्यात नेऊन बसवू नका, त्याला तिथल्या धुळीनंच ॲटॅक यायचा.

थुंकीतून जनुकं तपासून देणाऱ्या जाहिराती दिसतात. दम्यासाठी त्यात पैसे घालू नका, त्यावरून निदान होत नाही. तेवढ्यात चांगला स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) येतो. पोर फुंकर मारण्याएवढं, म्हणजे पाच-सहा वर्षांचं झालं असेल, तर स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजे फुंकर मारून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीबद्दल विचारा.

आणि "हे सुनेच्या माहेराहून आलं" असं कुणी म्हणालंच, तर कागदावर बोट ठेवून सांगा की पोराच्या अंगात निम्मं तुमच्याकडचंही आहे.

कागदाच्या तळाशी घरात विडी-सिगारेट कोण ओढतं, डासांची कॉइल आणि उदबत्ती कुठं लागते, तेही लिहा. जनुकं बदलता येत नाहीत, कॉइल बाहेर काढता येते. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला दमा असेल, तर "बाळाला बाधेल" म्हणून तिचा पंप परस्पर बंद करू नका. आईला श्वास पुरला नाही तर बाळाचाही ऑक्सिजन कमी पडतो. कागद घेऊन तिलाच आधी डॉक्टरांकडं पाठवा.