पवनेकाठी सायकल नेताय? आधी टायरची हवा सोडा

लोणावळ्याजवळच्या पवना जलाशयाच्या काठाने, तिकोना, तुंग आणि लोहगड या किल्ल्यांच्या पायथ्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा माउंटन बाइकसाठी झकास आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी गाठा. पावसाळ्यात चाकं रुततात आणि वाटही खराब होते.

डांबर संपून मुरूम लागला की थांबा. ५० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टणक टायर खड्यांवरून नुसतं उड्या मारतं, पकड अशी घेतच नाही. २.२ इंची ट्यूबलेस असेल तर २२ ते २६ वर आणा, मागच्या चाकात दोनेक जास्त ठेवा. ट्यूब असेल तर मात्र ३० च्या खाली उतरू नका: दगडाच्या धारेवर चाक आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अंगाने भारी असाल तर थोडी अजून हवा ठेवा. अंगठ्याने दाबून येणारा अंदाज फसवा असतो, त्यामुळे गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला छोटा पंप जवळ हवाच. परतीच्या डांबरावर पुन्हा हवा भरायलाही तोच कामाला येतो.

घसाऱ्याच्या उतारावर सीट खाली घ्या, वजन मागे टाका आणि पुढचा ब्रेक एकदम आवळू नका. भाताची कापणी चालू असेल तर बांधावरून सायकल उचलून न्या.