लेन्सवर काच चढवताना: प्रोटेक्टर कधी लावायचा आणि एनडी किती स्टॉपचा घ्यायचा

नव्या कॅमेऱ्याच्या बिलात दुकानदार एक यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर हमखास घुसवतो. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता. फिल्मला अतिनील किरण जाणवायचे आणि उंचावरून काढलेल्या दूरच्या डोंगरांवर निळसर धूसरपणा चढायचा. डिजिटल सेन्सरच्या पुढे हे किरण अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. त्यामुळे आता यूव्ही लावा नाहीतर 'प्रोटेक्टर' नावाची साधी पारदर्शक काच लावा, काम एकच: लेन्सच्या काचेवर काही उडू न देणं. पाकिटावरच्या नावापेक्षा काचेवरचं कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, महत्त्वाचं.

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये हाच आकडा एका बाजूला अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. दुकानातच तपासता येतं. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि काचेतलं प्रतिबिंब बघा. ट्यूब पांढरीशुभ्र, ठसठशीत दिसली तर कोटिंग नाही किंवा नावापुरतं आहे. प्रतिबिंब मंद आणि हिरवट किंवा जांभळट दिसलं तर कोटिंग आहे.

प्रोटेक्टर कायम लावून ठेवायचा का?

नाही. जिथे हवेतून काहीतरी उडतंय तिथे लावा. सोमवती अमावास्येला जेजुरीला भंडारा, जोतिबाच्या चैत्री यात्रेत किंवा गणपती विसर्जनात गुलाल, कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार, धबधब्याचे फवारे. अशा ठिकाणी प्रोटेक्टरशिवाय लेन्स काढूच नये. काही लेन्सना तर धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण पूर्ण व्हायला पुढे फिल्टर लागतोच. कॅननची १७-४० एफ/४ एल हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

भंडारा किंवा गुलाल बसला तर फडक्याने पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा. कोरडी पूड कापडाखाली घासली की ओरखडे ठरलेलेच. खारं पाणी मात्र वाळू देऊ नये. साध्या पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर आधी फिरवावं, लेन्स क्लीनर त्यानंतर. आणि पावसातून आल्यावर फिल्टर काढून दोन्ही काचा वेगवेगळ्या वाळवाव्यात. मधे दमटपणा अडकला तर बुरशीला आयतं घर मिळतं.

रात्री दिव्यांच्या रोषणाईचे फोटो काढताना, किंवा सूर्य फ्रेममध्ये असताना, प्रोटेक्टर काढून टाका. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. मग खाली डावीकडे पेटलेल्या दिव्याचं उलटं, फिकट हिरवं भूत वर उजवीकडे काळ्या आकाशात दिसतं. कितीही महागडा फिल्टर असला तरी हे पूर्ण जात नाही.

आणि धक्क्यापासून वाचवण्याचं काम फिल्टरचं नाही, हूडचं, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायच्या कड्याचं. फिल्टरची काच पातळ असते. ज्या ठोकरीने लेन्सला काही झालं नसतं त्या ठोकरीने ती फुटते आणि तिचेच तुकडे लेन्सवर ओरखडे पाडू शकतात. फुटलीच तर लेन्सचं तोंड जमिनीकडे करूनच फिल्टर सोडवा, म्हणजे चुरा लेन्सवर न पडता खाली गळेल.

माप

लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला तिरकी रेघ मारलेला गोल आणि त्यापुढे एक आकडा असतो: ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२. हा आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. १८-५५ लिहिलंय म्हणून ५५ चा फिल्टर मागवणारे कमी नाहीत. ते फोकल लेंग्थचे (झूम कुठून कुठपर्यंत जातो त्याचे) आकडे आहेत.

प्रोटेक्टर ज्या त्या लेन्सच्या मापाचा घ्या. एनडीचं, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या गडद फिल्टरचं, तसं नाही. तो सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला घ्यायचा आणि बाकीच्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा (छोट्या आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या). ६७ च्या लेन्सवर ६७-८२ रिंग, तिच्यावर ८२ चा फिल्टर. उलटं, म्हणजे मोठ्या लेन्सवर छोटा फिल्टर लावलात तर कोपरे काळे येणार. स्टेप-अपमध्ये एकच गैरसोय: लेन्सचा हूड बहुधा बसत नाही. निकॉन १४-२४ एफ/२.८ जीसारख्या फुगीर काचेच्या लेन्सना पुढे आटेच नसतात. त्यांना होल्डर आणि चौकोनी काचाच लागतात.

एनडी: आधी फोटो ठरवा, मग स्टॉप मोजा

एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. एकाच एनडी फिल्टरची तीन नावं असतात. ३ स्टॉपचा म्हणजे एनडी ८ म्हणजे ०.९. ६ स्टॉपचा म्हणजे एनडी ६४ म्हणजे १.८. १० स्टॉपचा म्हणजे एनडी १००० म्हणजे ३.०. ऑनलाइन मागवताना ०.३ आणि ३.० मध्ये गल्लत होते. पहिला जेमतेम एक स्टॉपचा असतो.

प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट, एवढंच गणित. १/१२५ सेकंदाला ६ स्टॉप लावले तर अर्धा सेकंद, १० लावले तर ८ सेकंद.

आता पावसाळ्यातला धबधबा घ्या, समजा ठोसेघर. ढगाळ हवेत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (छिद्राचं माप) ला १/३० सेकंद मिळतंय. पाण्याचे रेशमी पदर दिसायला १/८ ते १/४ सेकंद पुरतं. सर्क्युलर पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवायचा फिल्टर) लावला की दीड-दोन स्टॉप तसेच जातात, शिवाय ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकीही उतरते. वर एफ/११ केलं की १/४ झालंच. एनडी लागलाच नाही. भर पावसात पाणी दणकून पडत असताना दहा-वीस सेकंद शटर उघडं ठेवलं तर पदर वगैरे काही राहत नाही, मधोमध पांढरा धब्बा येतो.

समुद्राचं वेगळं. सूर्य बुडाल्यावर एफ/११ ला १/१५ मिळत असेल तर ६ स्टॉपने ४ सेकंद होतात. परतणाऱ्या लाटेच्या रेघा त्यात छान येतात. १० स्टॉपने मिनिटाच्या वर जातं आणि पाणी धुक्यासारखं सपाट होतं. भर दुपारी १/२०० ला ६ स्टॉप लावून जेमतेम १/३ सेकंद मिळतो. तिथे १० च हवा. एकच घ्यायचा असेल तर ६ चा घ्या. १० चा दिसायला जादुई, पण वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघतो.

व्हिडिओसाठी २५ फ्रेमला शटर १/५० धरतात. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६, १/१०० बसतं. तुम्हाला एफ/२.८ हवं असेल तर पाच स्टॉप छिद्राचे आणि एक शटरचा, असे ६ स्टॉप. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकट चित्रण) किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी ३. इथे व्हेरिएबल एनडी सोयीचा, कारण ऊन-सावलीला रिंग फिरवली की झालं. पण तो म्हणजे एकापुढे एक बसवलेले दोन पोलरायझर. वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला तर चित्रावर काळी फुली उमटते. शेवटचा खुणेचा टप्पा वापरूच नका, आणि घेताना २ ते ५ स्टॉपचा घ्या; त्याहून जास्त लागतील तिथे ठरावीक स्टॉपचा एनडी. ९-१० स्टॉपचा दावा करणाऱ्यांपासून दूर राहिलेलं बरं.

आणल्या दिवशी करायच्या तपासण्या

पांढरी भिंत, एकसारखा उजेड, व्हाइट बॅलन्स ठरावीक. फिल्टरशिवाय १/१२५ ला एक फोटो, १० स्टॉपचा फिल्टर लावून ८ सेकंदांचा दुसरा. दोन्हींचे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) जुळले तर स्टॉप खरे. अर्धा स्टॉप इकडेतिकडे असेल तर फिल्टरच्या डबीवर लिहून ठेवा. ३० सेकंदांच्या हिशोबात तेवढ्याने २१ किंवा ४२ सेकंद होतात. भिंतीला आलेली रंगाची झाक एकसारखी असेल तर रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमध्ये काढता येते. मध्यभागी एक आणि कडेला दुसरी असेल तर फिल्टर परत करा.

दुसरी तपासणी उन्हात, काळ्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर. कापड तपकिरी-किरमिजी दिसलं तर फिल्टर दृश्य प्रकाश अडवतोय पण अवरक्त किरण सोडतोय. हा दोष एनडी गडद असेल तितका जास्त दिसतो आणि नंतर संगणकावर नीट सुटत नाही.

तिसरी, टेलिफोटो लेन्स असेल तर. लांबच्या पाटीवरची अक्षरं २०० मिमीला फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय टिपा. वाइडला न कळणारा काचेचा दोष इथे लगेच उघडा पडतो.

लावताना

ट्रायपॉडवर फ्रेम पक्की करा, फोकस करून मॅन्युअलवर टाका, उघड्या लेन्सवर मोजमाप घ्या, मॅन्युअलमध्ये आकडे बसवा, आणि मगच एनडी फिरवा. १० स्टॉपमधून ऑटोफोकस बहुतेकदा चाचपडतो. स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर आयपीस, म्हणजे डोळा लावायची खिडकी, झाका, नाहीतर मागून प्रकाश शिरून चित्रावर पट्टा येतो. आधीचा प्रोटेक्टर काढा. दोन काचा एकावर एक ठेवल्या की वाइडला कोपरे झाकले जातात. आणि एनडी १००० लावला म्हणून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही. ग्रहणासाठी वेगळा सोलर फिल्टर असतो.

फिल्टर अडकला तर दोन बोटांनी जोरात पकडू नका. त्याने रिंग अंडाकृती होते आणि आटे आणखी घट्ट धरतात. रिंगभोवती रुंद रबर बँड गुंडाळून सगळ्या बोटांनी हलकं धरून फिरवा. तरी हलला नाही तर लेन्सचं तोंड रबरी चटईवर सपाट टेकवून, न दाबता, लेन्स फिरवा. पितळी रिंगचे फिल्टर ॲल्युमिनियमच्या मानाने कमी अडकतात. किनाऱ्यावर जाणं-येणं असेल तर तेवढे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.