‘विल’ कुठे लावायचं, कुठे गाळायचं

मालवाहतुकीच्या कामात दिवसभर पुढच्या गोष्टींबद्दलच लिहावं लागतं. जहाज कधी लागणार, बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) कधी मिळणार, कस्टम्समधून माल सुटला नाही तर काय. मराठी माध्यमातून आलेली नवी मुलं अशी मेल इंग्रजीत लिहायला बसली, की दिसेल त्या क्रियापदाआधी ‘विल’ ठोकतात. त्यांचा दोष नाही. शाळेत तीन काळांचा तक्ता पाठ केलेला असतो आणि त्यात भविष्यकाळ म्हणजे ‘विल’, नाहीतर ‘शॅल’.

नव्या माणसाचा मसुदा तपासताना हमखास सापडणारं वाक्य असं: ‘व्हेन द कंटेनर विल रीच न्हावा शेवा, वी विल इन्फॉर्म यू.’ यातलं पहिलं ‘विल’ खोडायचं आणि ‘रीच’चं ‘रीचेस’ करायचं. व्हेन, इफ, अनटिल, बिफोर, अ‍ॅज सून अ‍ॅज यांनी सुरू होणाऱ्या अटीच्या किंवा वेळेच्या भागात साधा वर्तमानकाळ येतो. ‘विल’ मुख्य वाक्यात राहतं. नियम पाठ होतो, पण मेल घाईत लिहिताना आठवत नाही. म्हणून मी मुलांना आधी वाक्य मराठीत म्हणायला लावतो. ‘कंटेनर पोचला की कळवू.’ पोचेल की कळवू, असं आपण म्हणत नाही. ‘पाऊस आला तर’ म्हणतो, ‘येईल तर’ नाही. म्हणजे ‘की’ आणि ‘तर’ असेल तिथे मराठीही भविष्यकाळ टाळते.

हीच युक्ती उलट बाजूनेही कामी येते. नियम पक्का झाल्यावर काही जण ‘व्हेन’ दिसलं की ‘विल’ कापत सुटतात. ‘वी डोन्ट नो व्हेन द कंटेनर विल रीच’ हे मात्र बरोबर आहे. मराठीत म्हणून बघा: ‘कंटेनर कधी पोचेल माहीत नाही.’ इथे ‘पोचला की’ बसतच नाही. ‘की’ किंवा ‘तर’ आलं तर ‘विल’ नको, ‘कधी’ आलं तर चालेल, एवढ्यावर निम्म्याहून जास्त मेल निभावतात.

वेळापत्रकाचंही मराठीवरून जमतं. ‘जहाज शुक्रवारी सुटतं’ म्हणजे ‘द व्हेसल सेल्स ऑन फ्रायडे’. आधीच ठरलेल्या भेटीगाठींना ‘उद्या भेटतोय’सारखं ‘वी आर मीटिंग देम टुमॉरो’.

मराठी दगा देते ती ‘पाठवतो’, ‘बघतो’, ‘सांगतो’ इथे. ग्राहकाने फोनवर काही मागितलं की आपण ‘लगेच पाठवतो’ म्हणतो, आणि तेच मेलमध्ये ‘आय सेंड द ड्राफ्ट टुडे’ होऊन बसतं. वाचणाऱ्याला ते अर्धवट वाटतं. ड्राफ्ट गेला की जायचाय, कळत नाही. बोलता बोलता दिलेल्या शब्दाला इंग्रजीत ‘आय विल सेंड’ हवं. आधीपासून ठरवलेलं असेल तर ‘गोइंग टू’. समोर लक्षणं दिसत असतील तरी तेच: गोदामाबाहेर ट्रकांची रांग बघून ‘वी आर गोइंग टू मिस द कट-ऑफ’ (कट-ऑफ म्हणजे जहाजासाठी माल पोचवायची शेवटची वेळ).

‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’ हा जुना नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात मांडला होता. रोजच्या मेलमध्ये त्यासाठी अडून बसू नका. ‘शॅल आय कॉल यू?’ असं विचारताना मात्र ‘शॅल’ लागतं, आणि करारनाम्यात ‘द शिपर शॅल पे’ (माल पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे) असं दिसलं तर ते बंधन आहे, भविष्यकथन नव्हे.

‘बाय द टाइम’ जरा नेटाने शिका. ‘बाय द टाइम द व्हेसल अराइव्ज, वी विल हॅव फाइल्ड द पेपर्स.’ जहाज लागेपर्यंत कागद दाखल झालेले असतील. मराठीतल्या ‘झालेले असतील’मध्ये जो पुरेपणा आहे, तो ‘विल हॅव फाइल्ड’मध्ये येतो. नुसतं ‘विल फाइल’ लिहिलं, तर जहाज लागण्याआधी काम पुरं झालेलं असेल हे स्पष्ट होत नाही, आणि ग्राहकाचा फोन येतो.