आरसी टूरिंग कार: सेटिंगला हात लावण्याआधी या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या अंबडला एका पार्किंगमध्ये पाण्याचे जुने पाइप टाकून आम्ही आरसी गाड्यांचा, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या रेसिंग गाड्यांचा ट्रॅक आखला होता. नववीतला एक मुलगा त्याची टीटी-02 (टामियाच्या किटमधून जोडलेली गाडी) घेऊन आला. गाडी उजवीकडे छान वळायची, पण डाव्या वळणात मध्येच अडखळून सरळ निघायची. तासाभरात त्याला पाच जणांनी पाच सल्ले दिले. एकानं पुढच्या स्प्रिंगा बदलायला लावल्या, दुसऱ्यानं कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), तिसऱ्यानं ट्रान्समीटरवरचं ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवायची सोय). दुपारपर्यंत गाडी दोन्हीकडे वळेनाशी झाली. शेवटी टूलरूममध्ये काम करणाऱ्या आमच्या काकांनी बॉडी काढून उलटी धरली. उजव्या पुढच्या चाकाच्या कमानीत आतून रबराचा काळा पट्टा उमटला होता. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे झुकत होती आणि बाहेरचं चाक बॉडीला घासत होतं. काकांनी कमान कात्रीनं तीन मिलिमीटर वाढवली, गाडी वळायला लागली. बदललेल्या स्प्रिंगा, कॅम्बर, ट्रिम परत जागेवर आणायला मात्र आणखी अर्धा तास गेला.

गाडी नीट चालत नाही म्हणजे सेटिंग चुकलं, असं आपण धरूनच चालतो. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक वेळा सेटिंग ठीक असतं. काहीतरी घासत असतं, वाकलेलं असतं, सैल झालेलं असतं किंवा डावं-उजवं सारखं नसतं. अशा गाडीवर केलेला प्रत्येक बदल खोटं उत्तर देतो. म्हणून खालच्या चुका मी त्या क्रमानं सांगतोय, ज्या क्रमानं मी स्वतः गाडी तपासतो.

चाकं मोकळी फिरतात का, हे न बघणं

मोटर सैल करून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) स्परपासून (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरपासून) दूर घ्या आणि गाडी हातात धरून चाकं फिरवा. ती सहज फिरून हळूहळू थांबली पाहिजेत. एखादं चाक चटकन थांबलं किंवा ठरावीक जागी अडकलं, तर तिथेच शोध घ्यायचा. पहिला संशय चाकाच्या नटवर. नायलॉनचा नट पिळून घट्ट केला की बेअरिंग दाबली जाते. नट पूर्ण बसवून थोडा मागे घ्यावा, चाकाला केसभर खेळ राहू द्यावा. दुसरा संशय बेअरिंगवर. आपल्याकडच्या पार्किंगमधली धूळ बारीक असते, दोन-तीन रविवारांत बेअरिंग खरखरायला लागते. काही जण कॉम्प्रेसरची हवा थेट बेअरिंगवर मारतात. तसं करू नका, धूळ आणखी आत जाते. बेअरिंग काढून धुवा, वाळवा आणि पातळ तेलाचा एक थेंब द्या. टीटी-02 च्या साध्या किटमध्ये बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश येतात. पहिला खर्च मोटरवर न करता बॉल बेअरिंगच्या सेटवर करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

याच टप्प्यावर स्क्रू तपासून घ्या. टामियाच्या किटमधले फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसला की थांबायचं, आणखी पिळला तर आटे जातात. धातूत धातू बसतो तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. प्लॅस्टिकला ते अजिबात लागू देऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

वाकड्या गाडीवर सेटिंग करणं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

चेसिसला पीळ पडला किंवा डाव्या-उजव्या बाजूंवर वजन सारखं पडत नसलं, तर त्याला ट्वीक म्हणतात. अशी गाडी एका बाजूला घट्ट वळते, दुसऱ्या बाजूला घसरते, आणि गॅस दिला की सरळ रेषेत एका अंगाला ओढते. लोक मग ट्रिम फिरवत बसतात. ट्रिमनं सरळ चालणं सुधारेल, पण वळणं बिघडलेलीच राहतील.

तपासायला खरोखर सपाट पृष्ठभाग लागतो. घरातली फरशी सपाट नसते, डायनिंग टेबलही नसतं. काचवाल्याकडून दहा-बारा मिलिमीटर जाडीची काच कापून, कडा घासून आणा. सातपूर-अंबडमध्ये ओळख असेल तर यंत्रशाळेतली ग्रॅनाईटची सरफेस प्लेट अर्धा तास वापरायला मिळते, त्याहून उत्तम काही नाही. हे नाशिकचं सुदैव आहे. व्हर्नियर, फीलर गेज, लेव्हल यांवर रोज हात चालणारी माणसं आपल्या गटात असतात. त्यांना विचारत जा.

आता पद्धत. बॅटरीसकट पूर्ण गाडी काचेवर ठेवा. दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे शॉक आपल्या जागी बसतील. आधी डावा-उजवा ड्रूप सारखा आहे ना ते बघा. ड्रूप म्हणजे गाडी उचलल्यावर चाक किती खाली लटकतं ते. मग पुढच्या बंपरच्या बरोबर मध्यावर चाकूच्या पातीचं टोक लावून गाडी सावकाश उचला. दोन्ही चाकं एकाच वेळी काच सोडतात का? एक आधी उठलं तर बहुतेक जण त्याच चाकाची स्प्रिंग फिरवतात. दोष बहुधा मागच्या बाजूला असतो, कारण पुढचा भाग उचलला की गाडीचा तोल मागच्या दोन स्प्रिंगांवर येतो आणि त्या सारख्या नसतील तर चेसिस कलते. मागून उचलून बघाल तेव्हा हेच उलट करा.

स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी मात्र पीळ कुठून आला ते बघावं. दोन थरांची चेसिस असेल तर वरच्या पट्टीचे स्क्रू सैल करा, चेसिस काचेवर दाबून धरा आणि स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे घट्ट करत या. टीटी-02 सारख्या टबमध्ये (एकसंध प्लॅस्टिकच्या चेसिसमध्ये) दोष बहुधा दुसरीकडे असतो: धडकेत वाकलेला सस्पेन्शन पिन, एका बाजूला ताणलेला अँटिरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी तार), किंवा कमी-जास्त लांबीचे शॉक. शॉकची लांबी व्हर्नियरनं मोजा. डोळ्याला सारखे दिसणारे दोन शॉक अर्ध्या मिलिमीटरनं वेगळे निघतात.

शॉक भरताना घाई

तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे बाहेर येऊ द्या आणि शॉक दहा मिनिटं उभा ठेवा. टोपण लावल्यावर डावा आणि उजवा शॉक शेजारी शेजारी धरून एकदमच दाबा. दोन्ही सारख्या वेगानं परत यायला हवेत. आतून चुळचुळ आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा उघडा.

सिलिकॉन तेल उन्हात पातळ होतं. जानेवारीत सकाळी पारा 10 अंशांच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी 40 गाठतो. एकच तेल दोन्ही ऋतूंत सारखं वागत नाही. मी थंडीत 350 आणि उन्हाळ्यात 450 सीएसटीच्या (हे तेलाच्या दाटपणाचं माप) जवळपास राहतो. गाडी हिवाळ्यात चांगली होती आणि आता उड्या मारते, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी तेलाचं विचारतो.

डिफचा अंदाज लावणं

डिफ म्हणजे वळणात डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच. स्पर हातानं धरा आणि एका बाजूचं चाक फिरवा, दुसरं उलटं फिरेल. त्यात किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. पुढचा डिफ फार सैल असेल तर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच फिरतं आणि गाडी ओढत नाही. मागचा फार घट्ट असेल तर गॅस देताच मागचा भाग सुटतो. टीटी-02 च्या मूळ डिफला सील नाहीत. त्यात पातळ तेल भरलं तर ते गळून बाहेर येतं, म्हणून जाड ग्रीस वापरतात.

वेग वाढवायचा म्हणून मोठा पिनियन

टीटी-02 ला स्पर 70 दात्यांचा, पिनियन 22 चा आणि आतलं गुणोत्तर 2.6 आहे. 70 भागिले 22, गुणिले 2.6, म्हणजे अंतिम गुणोत्तर 8.27. पिनियन 24 चा केला की ते 7.58 होतं. लांब सरळ रस्त्यावर वेग वाढलेला दिसतो आणि मन खूश होतं. पण आमच्या ट्रॅकवर लांब सरळ रस्ताच नाही! वळणातून उठताना गाडी जड होते, मोटर तापते आणि चौथ्या मिनिटाला दमते. पिनियन एकेक दाता बदला आणि हीट (रेसचा एक डाव) संपताच इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोटर मोजा. 70 अंशांच्या वर मी सावध होतो, 80 च्या वर गेली तर पिनियन लहान करतो. फार तापलेल्या मोटरच्या चुंबकांची ताकद कमी होते, ती परत येत नाही.

दाते बसवताना दोन्ही गिअरांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी घालून मोटर घट्ट करा, मग पट्टी फिरवून बाहेर काढा. स्पर एका फेरीत तीन-चार जागी तपासा, कारण तो पूर्ण गोल नसतो. कानाला कर्कश आवाज आला तर गिअर फार जवळ आहेत. कटकट आली तर दूर आहेत, आणि स्पर त्याच दिवशी जाईल.

टायरला दोष देण्याआधी जमीन बघा

आमचे ट्रॅक पार्किंगमधले, कधी डांबर, कधी कोबा. पेव्हर ब्लॉकवर टूरिंग गाडी पळवू नका, पाच मिलिमीटर राइड हाईटची (जमिनीपासूनच्या उंचीची) गाडी प्रत्येक सांध्यावर आपटते. सकाळी आधी खराट्यानं आणि मग मऊ झाडूनं पूर्ण ट्रॅक झाडा, वळणांच्या बाहेरची बाजूही. पहिल्या तासात फक्त गाड्या जातात तेवढीच रेषा साफ होते. त्या वेळात गाडी घसरते म्हणून सेटिंग बदलणारा माणूस अकरा वाजता, पकड आल्यावर, हैराण झालेला असतो. पहिला तास फक्त चालवा.

रबरी टायरवरचा आकडा मोठा म्हणजे रबर कडक. 36 चा टायर आमच्या एप्रिलच्या दुपारी छान चालतो. डिसेंबरच्या सकाळी तोच पाच मिनिटांत गरमही होत नाही, तिथे 28 बरा. टायर रिमला नीट चिकटलेला आहे का, हे प्रत्येक हीटपूर्वी अंगठ्यानं ढकलून बघा. एका जागी सुटलेला टायर गाडीला असं नाचवतो की माणूस तासभर मागच्या टो-इनशी (चाकांची पुढची बाजू किती आत वळलेली आहे त्याच्याशी) खेळत बसतो.

कॅम्बर उणे दीड ते दोन अंश आणि मागचा टो-इन दोन ते तीन अंश, इथून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, पाच फेऱ्या मारा, वहीत लिहा. फरक कळला नाही तर परत जागेवर आणा.

स्टिअरिंग ट्रिमवर ढकलणं

सर्वोचा (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे त्यावरचा दांडा, बसवण्यापूर्वी ट्रान्समीटर चालू करून, ट्रिम शून्यावर ठेवून सर्वो मध्यावर आणा. मग लिंकची लांबी जुळवा. शेवटी पूर्ण डावा आणि पूर्ण उजवा गोल मारून बघा. दोन्ही गोल सारखे नसतील तर एंड पॉइंट (स्टिअरिंग किती टोकापर्यंत वळेल ती मर्यादा) जुळवा. चाक टोकाला गेल्यावर ड्राइव्हशाफ्ट अडखळत असेल तर एंड पॉइंट कमी करा.

आधी ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी.

बॅटरी

दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) भरलेली असते तेव्हा 8.4 व्होल्ट. प्रत्येक सेल 3.2 च्या खाली जाऊ देऊ नका; ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कटऑफ लायपोवर आहे ना ते पहिल्याच दिवशी तपासा. 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरवर, बॅलन्स (सगळे सेल सारखे भरायची सोय) लावून चार्ज करा. हीट संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल 3.8 वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. चार्जिंग चालू ठेवून मिसळ खायला निघून जाणाऱ्यांना मी थांबवतो, आणि पुढेही थांबवत राहीन. उन्हात उभ्या कारच्या डिकीत लायपो ठेवणाऱ्यांनाही.

रेसमध्ये पहिल्याच वळणावर रेस जिंकायला जाणं

समजा फेरी 18 सेकंदांची आहे. पाच मिनिटांत 17 फेऱ्या होतात. सेटिंगमधून प्रत्येक फेरीत 0.3 सेकंद काढले, तर पूर्ण हीटमध्ये 5 सेकंद वाचले. एकदा गाडी उलटली आणि मार्शल येऊन सरळ करेपर्यंत थांबावं लागलं, की 8-10 सेकंद जातात. म्हणून नव्या मुलांना मी ट्रान्समीटरवरचा थ्रॉटल 70 टक्क्यांवर बांधून देतो आणि सलग दहा फेऱ्या पाइपला न लागता मारायला सांगतो. दहा झाल्या की 80. अंबडच्या त्या मुलानं हे चार रविवार केलं. पाचव्या रविवारी तो अंतिम हीटमध्ये होता, त्याच मूळ स्प्रिंगांवर.

गाडी उलटली की थ्रॉटल लगेच सोडा. फिरत्या चाकांनी मार्शलची बोटं कापतात. एक फेरी पुढे असलेली गाडी मागून आली तर सरळ रस्त्यावर थोडं बाहेर सरकून वाट द्या, वळणाच्या मध्ये ब्रेक मारू नका. आपली हीट संपली की बॅटरी काढून, गाडी टेबलावर ठेवून थेट मार्शलच्या जागी उभं राहायचं. पिटमध्ये थांबून स्क्रू बघायचे असतील तर ते पुढच्या हीटनंतर.